एका डब्यात दोन बिऱ्हाडं

संशय घेणं हा माझा पोटापाण्याचा धंदा होता, असं सांगितलं की लोकांना वाटतं, ही बाई पोलिसात असणार, नाहीतर इन्कम टॅक्समध्ये. मी होते यंत्रांच्या पोटातल्या छोट्या कॉम्प्युटरचं काम करणारी इंजिनिअर. पण धंदा संशयाचाच. घरीसुद्धा कुलूप लावल्यावर मी ते ओढून बघते, जिना उतरते आणि परत चढून ओढून बघते. आमचे हे आयुष्यभर वारणानगरला गणित शिकवून रिटायर झाले. कुणाच्या लग्नाला निघालो की ते खाली रिक्षात बसून शांतपणे म्हणतात, "अजून एकदा बघून ये, नाहीतर लग्नात तुला जेवण जाणार नाही." मी खरंच जाऊन येते.

आता हा धंदा काय ते सांगते, कारण माझ्या सख्ख्या बहिणीलाही अजून वाटतं की मी कॉम्प्युटर दुरुस्त करत होते. गाडी असो, दूध थंड करायची टाकी असो की लोखंड वितळवायची भट्टी, हल्ली प्रत्येक यंत्रात तळहाताएवढा एक बोर्ड असतो. पूर्वी त्याला एकच काम असायचं, यंत्र चालवणं. आता त्याच यंत्राला टीव्हीसारखा रंगीत पडदा पाहिजे, इंटरनेट पाहिजे, पुण्यात बसलेल्या साहेबाला आकडे दिसायला पाहिजेत. दोन कामांना दोन बोर्ड लावले की वायरी वाढतात, खर्च वाढतो. म्हणून एकाच बोर्डावर दोन ऑपरेटिंग सिस्टिम नांदवायच्या. एक वेळेची पक्की आणि अबोल, तिनं यंत्र चालवायचं. दुसरी मोबाइलमधल्यासारखी, नटवी, गावभर गप्पा मारणारी, तिनं पडदा आणि इंटरनेट सांभाळायचं. दोघींनाही वाटलं पाहिजे की हा बोर्ड आपल्या एकटीचा आहे. त्यांच्या डोक्यावर बसून ही वाटणी करणाऱ्या प्रोग्रामला हायपरवायझर म्हणतात. आमच्या चार माणसांच्या कंपनीत आम्ही त्याला मुकादम म्हणायचो.

भावाभावांत वाटणी झाली की मधे भिंत येते, तसंच हे. चुली वेगळ्या, दारं वेगळी. विहीर मात्र एकच, म्हणून पाण्याच्या पाळ्या ठरवून दिलेल्या. मुकादम स्वतः काही पिकवत नाही. कुणी कुणाच्या हद्दीत पाय टाकला का आणि पाळी कुणी चुकवली का, एवढंच बघतो. आणि तो दोघींपैकी कुणावरही विश्वास ठेवत नाही. चांगला मुकादम करायचा तर करणाऱ्याच्या अंगात तो गुण असावा लागतो. तो माझ्यात पहिल्यापासून होता.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. कोडोलीचे एक बागायतदार ट्रॅक्टरला लावायचे पडदे विकायचे. त्यांचा हट्ट असा की चावी फिरवली की आधी आरती लागली पाहिजे, मग इंजिनची उष्णता दिसली तरी चालेल. मी म्हटलं, आरती नटवीकडे, उष्णता अबोलीकडे, दोघी एकदमच सुरू होतील. ते म्हणाले, "मग आरती पयली झाली हे देवाला कळणार कसं?"

पण सांगायचं आहे ते भूपालअण्णांबद्दल. संशयात माझ्या वरताण असा हा एकच माणूस मला भेटला.

अण्णांची फाउंड्री होती. जैन शेतकऱ्याच्या घरात जन्मलेला माणूस, वडिलांची शेती भावांवर सोपवून ओतकामात पडलेला. पांढरा शर्ट, पांढरी टोपी, आणि भट्टीजवळ दिवस घालवूनही दोन्हींवर डाग नाही. त्यांच्या कास्टिंगला, म्हणजे ओतीव लोखंडी भागांना, पुण्यात नाव होतं. त्याचं कारण होतं त्यांची वितळवायची रीत. कास्टिंग कापून लॅबमध्ये दिलं की त्यात काय घातलंय ते कुणालाही कळतं. पण काय कधी घातलं, लोखंड किती तापवलं, मग किती खाली आणून किती वेळ दम दिला, हे कास्टिंग सांगत नाही. अण्णांचं सगळं गुपित त्या क्रमात होतं. वर्षानुवर्षं ते डोक्यात ठेवून त्यांनी कारखाना चालवला. मग पुण्याच्या गिऱ्हाइकानं अट घातली की भट्टीचे आकडे आम्हाला रोजच्या रोज आमच्या कॉम्प्युटरवर दिसले पाहिजेत.

मी तो बोर्ड बसवलेला आमचा डबा घेऊन गेले. भिंत, चुली, विहीर, सगळं सांगून झालं. अण्णांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे माझी रीत आन् पुण्याची खिडकी एकाच डब्यात? चोराला घरात घेऊन भिताडच घालायचं व्हय मॅडम?"

"भिंत पक्की आहे, अण्णा."

"भिंत सगळ्यांचीच पक्की असतीया. दावा."

मग चालू भट्टीवर दाखवलं. भट्टी तापलेली, आत लोखंडाचा लालपिवळा रस, आणि कठड्याशी संपत उभा. संपत मेल्टर, म्हणजे भट्टी सांभाळणारा. उंच, मोठ्या आवाजाचा, डोक्याला टॉवेल. त्याचं माझ्याशी पहिल्या दिवसापासून फारसं बरं नव्हतं. त्याला डबाच आवडला नव्हता. मी अण्णांच्या देखत नटवी मुद्दाम बंद पाडली. पडदा काळा झाला. शेजारच्या पाटीवरचे, भट्टीचं तापमान दाखवणारे लाल आकडे मात्र होते तसेच राहिले. अण्णांनी आकडे बघितले, भट्टीत बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"परत पाडा."

परत पाडली. त्यांनी मला ती दुपारभर पाडायला लावली. शेवटी संपतच वैतागला. "अण्णा, ती बिचारी मरून मरून दमली की. आता जेवाय सोडा."

अण्णांनी डोक्यातली रीत स्वतः डब्यात भरली, आणि ते रीतीचं पान अबोलीकडे ठेवलं होतं. पडदा दोघींचा सामायिक, पण ते पान पडद्यावर यायला अण्णांच्या हवाली केलेली किल्ली लागायची. किल्ली आत आहे तोवर पान उघडं, किल्ली काढली की बंद. नटवीला त्या पानावरचं अक्षरही दिसत नव्हतं. अण्णांनी किल्ली करगोट्याला बांधली आणि डबा बसवू दिला.

त्या वर्षी खंडेनवमीला मला बोलावणं आलं. आमच्याकडे त्या दिवशी प्रत्येक कारखान्यात यंत्रांची पूजा असते. पान्यापासून क्रेनपर्यंत सगळं धुऊनपुसून, हळदकुंकू लावून मांडतात. बायकामुलं नवे कपडे घालून येतात. अण्णांचं अख्खं घर आलं होतं. भट्टीपुढे रांगोळी, आणि आमच्या डब्यालाही कुंकू. भट्टी बंद, म्हणून पडदा तेवढा काळा. अण्णांना ते बघवलं नाही. "सणाला काळं तोंड दावायचं व्हय देवीला?" म्हणून त्यांनी स्वतः किल्ली लावली. पडदा उजळला, लेकी-सुनांनी ओवाळलं. संपत झेंडूचा हार घेऊन आला, हा असा जाडजूड. तो पडद्याच्या दोन कोपऱ्यांना अडकवला तर पोट पार खालपर्यंत लोंबलं.

"पडद्याला घालतोयस का बैलाला?" अण्णा त्याच्यावर खेकसले.

"असू द्या की अण्णा, वर्सातनं एकदा," संपत म्हणाला. मग फोटो झाले, बासुंदी झाली, आणि मी घरी येऊन कुलूप ओढून बघितलं.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला अण्णांचा फोन आला. "या. डबा उघडायचा हाय." आवाज असा की मी चहा अर्धा टाकून निघाले.

केबिनमध्ये त्यांनी दार लावून घेतलं. कागलला एका लग्नात त्यांच्या पंगतीला तिकडचाच एक फाउंड्रीवाला बसला होता. जिलेबी खाता खाता त्यानं अण्णांना डिवचलं, की तुमची रीत आता आम्हीबी करतोय. आणि म्हणून दाखवली. अमुक तापमानापर्यंत न्यायचं, मग इतकं खाली आणायचं, इतका वेळ दम द्यायचा, तांबं तेव्हा, कथील नंतर. आकड्याला आकडा बरोबर.

"वर मलाच इचारतोय, सगळं तसंच करतोय पर कोपरं कडक का येत्यात, ड्रिल तुटत्यात," अण्णा म्हणाले. "जिलेबी कडू झाली बघा."

मग त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. मी त्यांना बिनटोपीचं प्रथमच बघत होते. "मॅडम, ह्या गोष्टी दोघांलाच ठावं. तुमच्या डब्याला आन् संपतला. कुणी फोडलं ते सांगा."

मी त्यांच्या नजरेला नजर न देता मागच्या कॅलेंडरकडे बघत बसले.

पुढचे काही दिवस मी माझ्याच भिंतीवर दरोडे घातले. नटवीची सगळी कुलपं काढून टाकली, तिच्यात माझाच हेर बसवला आणि त्याला अबोलीच्या प्रत्येक दारावर धडका मारायला लावलं. मुकादमानं प्रत्येक वेळी हाकलून दिलं. मग दुसरी शंका. पाण्याची पाळी उशिरा आली की शेजारी मळा भिजवतोय एवढं तर कळतंच, तसं काही नटवीला कानोशानं कळतंय का? कळत होतं. अबोली कामात आहे, एवढंच. शेजारी ऊस लावलाय की मिरची, ते पाळीवरून कळत नाही. मी तरी तीन-तीनदा तपासलं. भिंत शाबूत होती.

मला इतका अभिमान वाटला की मी फोन न करता सांगायला स्वतः गेले. "अण्णा, डबा स्वच्छ आहे. मी माझ्या नावावर लिहून देते."

अण्णांनी मान हलवली. "मग संपतच."

ते इतक्या शांतपणे म्हणाले की मला कळायला थोडा वेळ लागला. मी माझ्या भिंतीचं निर्दोषपण सिद्ध करता करता एका माणसाला गुन्हेगार ठरवलं होतं. आणि खरं सांगू? मला ते पटलंही. संपत दर रविवारी कागलला जातो, हे सगळ्या कारखान्याला ठाऊक होतं. संशयाची एकदा सवय लागली की तो धंद्यापुरता राहत नाही.

बाहेर आले तर संपत पाण्याच्या टाकीशी हात धूत होता. कारखान्यात भिंतींना कान असतातच.

"म्याडम, तुमचा डबा देवमाणूस निघाला म्हणं," तो म्हणाला.

मी म्हटलं, "मी फक्त डब्याचं सांगितलं, संपतराव."

"दोघांतला एक सोडलासा. आता ऱ्हायला कोण?" आवाज नेहमीसारखा मोठा नव्हता. "लेक दिल्या कागलात. तिला बघाय जातोय ऐतवारी. उद्यापास्नं तिच्या दारात जाताना बी मागं वळून बघू व्हय? चोर म्हणून ह्या भट्टीवरनं उतरलो तर दुसरी भट्टी मला जवळ करणार न्हाय. आन् लेकीच्या सासरी काय सांगू?"

त्याचे हात धुऊन झाले होते, तरी तो धूतच राहिला. स्कूटर चालवत घरी येताना डोळे सारखे भरून येत होते आणि त्याचं कारण धूळ नव्हती.

घरी ह्यांना सांगितलं. गणिताचा माणूस. ते म्हणाले, "तू उत्तर दोघांतच शोधतेयस, कारण अण्णांनी दोघंच सांगितले. गणितच चुकीचं घातलं असेल तर?"

सोमवारी अण्णा संपतला काढणार होते. मी त्या दिवशी सकाळीच जाऊन त्यांच्यासमोर बसले आणि म्हटलं, "पंगतीत तो काय म्हणाला ते परत सांगा. एकही शब्द न गाळता."

अण्णांनी चिडत चिडत सांगितलं. तापवणं, खाली आणणं, दम, तांबं, कथील. आणि कोपरं कडक येत्यात.

"आणि पूड?"

रस भट्टीतून बादलीत ओततात, त्या बादलीला लॅडल म्हणतात. ओतताना शेवटी त्यात एक पूड टाकायची असते. ती नसली तर कास्टिंगची पातळ टोकं काचेसारखी कडक होतात आणि ड्रिल मोडतं. थोडीफार पूड सगळेच टाकतात, पण अण्णांच्या रीतीत तिचं माप आणि वेळ वेगळी होती. ओतणं शेवटी, म्हणून पानावरची ती शेवटची ओळ होती, आणि पूड टाकायचा संपत, स्वतःच्या हातानं, लोखंडी पळीनं; ते मी चालू भट्टीवर बघितलं होतं.

"पूड न्हाय म्हणाला," अण्णा सावकाश म्हणाले.

"डब्यातून चोरी झाली असती तर अख्खं पान गेलं असतं. डब्याला शेवटची ओळ गाळायची अक्कल नाही. आणि संपतनं सांगितलं असतं तर पुडीचं पहिल्यांदा सांगितलं असतं. तेवढं एकच तर तो हातानं करतो, बाकी सगळं डबा सांगतो तसं होतं. ज्यानं नेलं त्याला शेवटची ओळ दिसलीच नाही, अण्णा."

हे बोलताना माझी नजर परत त्यांच्या डोक्यामागे गेली. इतके दिवस मी त्या कॅलेंडरकडे बघत होते, तारखांकडे. आता वरचा फोटो बघितला. खंडेनवमीचा होता. गुळगुळीत जाड कागदावर अण्णा, त्यांच्या पत्नी, मुलं, सुना, नातवंडं, सगळे भट्टीसमोर उभे. मधोमध उजळलेला पडदा. अण्णांनी दिवाळीला हे कॅलेंडर गिऱ्हाइकांना, भंगारवाल्यांना, बँकेत, आणि पुणे-बेंगळूर हायवेच्या दोन्ही अंगांच्या झाडून सगळ्या फाउंड्रीवाल्यांना हौसेनं वाटलं होतं. एक माझ्या स्वयंपाकघरातही लटकत होतं.

कास्टिंगमधली बारीक छिद्रं शोधायचं भिंग टेबलावर होतं. ते मी अण्णांच्या हातात दिलं. "वाचा."

अण्णा उठले. भिंग लावून वाचायला लागले. पहिली ओळ, तापमान. दुसरी. दम. तांबं. कथील. आवाज बारीक होत गेला. शेवटच्या ओळीच्या जागी झेंडूची फुलं होती.

अण्णा भिंग न काढताच म्हणाले, "हार कुणी आणलता?"

त्यांना आठवत होतं. मलाही आठवत होतं.

त्यांनी संपतला आत बोलावलं. माफी मागणं अण्णांच्या तोंडाला ठाऊक नव्हतं. त्यांनी भिंग त्याच्या हातात दिलं आणि कॅलेंडरकडे बोट केलं. संपतनं बघितलं. त्याला वाचायला वेळ लागला नाही, रीत त्याला पाठ होती.

"हितनं गेलं व्हय," तो म्हणाला. मग भिंग टेबलावर ठेवून, "आन् मला आज घालवणार हुतासा."

"ऱ्हा संपत," अण्णा म्हणाले.

"ऱ्हातो. पर ती पूड आता तुम्ही टाकायची. परत काय भाईर गेलं तर माझं नाव नगो."

आणि अण्णांनी टाकली. पांढरा शर्ट, पांढरी टोपी, हातात लोखंडी पळी. दर हीटला, म्हणजे भट्टीतला रस ओतायच्या दर वेळी, मालक केबिनमधून उठून लॅडलपाशी यायचे. संपत मागे हाताची घडी घालून उभा राहायचा. ठिणग्यांनी शर्टाला भोकं पडली. पहिल्या दिवसांत पूड उशिरा पडायची, कोपरं कडक यायची, पुण्याहून तक्रार आली. अण्णा त्याच्याकडे बघायचे, तो छताकडे. मी सर्व्हिसिंगला गेले की दोघांच्या मधे उभी राहून डबा तपासायचे. माझ्या हातची सगळ्यात पक्की भिंत तीच, पण तिथे उभं राहून मला तिचा अभिमान कधी वाटला नाही.

पुढची खंडेनवमी आली. पडदा बंद. त्यावर अण्णांनी स्वतःच्या हातानं टॉवेल टाकलेला. संपतनं हार आणला, गेल्या वर्षीपेक्षाही मोठा, आणि टॉवेलावर अडकवला. या वेळी अण्णा खेकसले नाहीत. पान्या-हातोड्यांच्या रांगेत ती पळीही मांडलेली होती, हळदकुंकू लावून. आरती झाल्यावर अण्णांनी ती उचलली आणि सगळ्यांच्या देखत संपतपुढे धरली. फोटोवाल्याला त्यांनी आधीच बाहेर उभं केलं होतं.

संपतनं पळीकडे बघितलं. हात पुढे केला नाही.

"कुक्कू लागलंया," तो म्हणाला. "असं लोखंडात जाईल."

अण्णांनी डोक्यावरची पांढरी टोपी काढली, तिनं पळी पुसली, आणि परत पुढे धरली. संपतनं ती घेतली.